वनस्पतिजन्य द्रव-स्फटिक पॉलिएस्टर : शक्यता व मर्यादा

प्रस्तावना :
वर्ध्याच्या मगनवाडीतून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य करणारे जे. सी. कुमारप्पा यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ (१९४५) या ग्रंथात कोळसा, खनिज तेल यांसारख्या मर्यादित साठ्यांना नश्वर, तर सतत वाढणाऱ्या वनसंपत्तीला शाश्वत मानले. हाच भेद आज बहुवारिकांच्या रसायनशास्त्रापुढे प्रश्न म्हणून उभा आहे. उच्च क्षमतेचे प्लास्टिक वनस्पतींपासून मिळेल काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना :
सामान्य प्लास्टिक वितळले की त्यातील साखळ्यांची गुंतागुंत होते. द्रव-स्फटिक पॉलिएस्टरचे ताठ रेणू मात्र वितळल्यावरही एकाच दिशेने रांगेत राहतात. म्हणून ते अरुंद साच्यात सहज वाहते व थिजल्यावर त्या दिशेने अतिशय बळकट होते. विद्युत जोडण्यांच्या सूक्ष्म भागांसाठी ते वापरले जाते. केवळ पॅरा-हायड्रॉक्सिबेंझॉइक आम्लाचे बहुवारिक वितळण्यापूर्वीच विघटित होते. त्यामुळे त्याच्या साखळीत थोडा बाक अथवा लवचिक दुवा घालावा लागतो.

वनस्पतिजन्य प्रयोग :
हा दुवा कोकणातही विपुल असलेल्या काजूच्या टरफलातील तेलातून मिळू शकतो. या तेलातील कार्डेनॉलच्या १५ कार्बनच्या शृंखलेत आठव्या कार्बनपाशी द्विबंध असतो. तेथे शृंखला तोडल्यास ८-(३-हायड्रॉक्सिफेनिल) ऑक्टॅनॉइक आम्ल मिळते. पिल्लई, शेरिंग्टन व स्नेडन यांनी १९९२ मध्ये या आम्लापासून द्रव-स्फटिक सहपॉलिएस्टर तयार केल्याचे प्रसिद्ध केले. २००६ मध्ये कानेको व सहकाऱ्यांनी वनस्पतींत आढळणाऱ्या कौमारिक व कॅफेइक आम्लांपासून विघटनशील द्रव-स्फटिक पॉलिएस्टर मिळविले.

मर्यादा :
पहिली मर्यादा उष्णतारोधाची होय. लवचिक दुवा वितळणबिंदू खाली आणतो, परंतु त्याबरोबर उष्णता सहन करण्याची क्षमताही घटते. दुसरी मर्यादा शुद्धतेची. अभिक्रिया ९० टक्के पूर्ण झाल्यास साखळीत सरासरी १०, तर ९९ टक्के पूर्ण झाल्यास १०० एकवारिके जुळतात. किंचित अशुद्धीही साखळी अर्ध्यावर थांबविते.

आपल्या जिल्ह्यातील पऱ्हाटीचा विचार या दृष्टीने करावा लागेल. कापूस वेचून झाल्यावर ती बहुधा जाळली जाते. तिच्यातील लिग्निनपासून व्हॅनिलिक व सिरिंजिक आम्ले मिळू शकतात. परंतु त्यांच्या वलयावरील मेथॉक्सी गट रेणूंच्या रांगेत अडथळा आणतात. शिवाय लिग्निनच्या विघटनातून एक पदार्थ नव्हे, तर अनेकांचे मिश्रण हाती येते.

निष्कर्ष :
‘वनस्पतिजन्य’ ही केवळ उगमाची ओळख आहे, गुणवत्तेची हमी नव्हे. म्हणून महाविद्यालयीन प्रयोगशाळांनी थेट बहुवारिक निर्मितीचा संकल्प सोडण्याऐवजी पऱ्हाटीतून कोणते आम्ल, किती प्रमाणात व किती शुद्ध मिळते, याच्या मोजमापापासून आरंभ करावा. कुमारप्पांचा शाश्वततेचा विचार प्रयोगशाळेत उतरविण्याचा तो प्रामाणिक मार्ग ठरेल.