नातवंडांचे बोट धरून पुणे

पुण्याला मी किती वेळा गेलो असेन, याचा हिशेब नाही. मिरजेहून गाडीत बसायचे, कविसंमेलन किंवा पुस्तकाचे काम उरकायचे आणि रात्रीच्या गाडीने परत फिरायचे, असा तीसेक वर्षांचा परिपाठ. तेव्हा पुणे आपल्याला ठाऊक आहे, अशा समजुतीत मी होतो. गेल्या मे महिन्यात लेकीची दोन मुले बेंगळुरूहून सुट्टीला आली. थोरली नात नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. त्यांना घेऊन आम्ही दोघे नवरा-बायको तीन दिवस पुण्याला, कोंढव्यात भाच्याकडे जाऊन राहिलो.

निघण्यापूर्वी मी वहीत अकरा ठिकाणे लिहून काढली होती. पत्नीने ती यादी वाचली आणि विचारले, "हे मुलांसाठी आहे की परीक्षेसाठी?" तिचे म्हणणे पहिल्याच दिवशी खरे ठरले. लहान मुलांबरोबर दिवसाला एकच ठिकाण धरावे. उरलेला वेळ पाणी, भूक, चपलेचा तुटलेला पट्टा आणि झोप यांत जातो. मे महिन्यात तर सकाळी अकरापर्यंत जे होईल तेच खरे.

पहिला दिवस कात्रजचा. (बुधवारी तिथे सुट्टी असते. बाहेरगावहून येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे, नाहीतर मुलांची समजूत घालणे कठीण.) मुलांची आई सहा वर्षांची होती तेव्हा मी तिला पेशवे पार्क दाखवायचे कबूल केले होते. तिच्या वर्गातल्या एका मुलीने तिथले प्राणी पाहिले होते आणि ती फुलराणीतही बसून आली होती. बालकवींच्या कवितेशी नाव जुळणारी ही मुलांची छोटी आगगाडी पेशवे उद्यानात 1956 सालापासूनची. "पुढच्या सुट्टीत नेतो," असे मी लेकीला सांगितले, आणि पुढच्या सुट्टीत पुण्याला एकटाच गेलो, कवितावाचन होते. असे दोनतीनदा झाले. तेवढ्यात 1999 साली कात्रजला राजीव गांधी प्राणीसंग्रहालय सुरू झाले, पेशवे पार्कातले प्राणी यथावकाश तिकडे हलवले गेले आणि लेकही विचारायची थांबली.

कात्रजचा परिसर मोठा आहे, सव्वाशे एकरांच्या पुढे. झाडी आहे, चालायला दम लागतो. वयस्कर माणसांनी बॅटरीवरच्या गाडीची चौकशी आधीच करावी. वाघ सावलीत पाठ करून निजलेला होता. धाकट्याने त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि मग बराच वेळ तो वाघासाठी ठेवलेल्या पाण्यावर आलेल्या कावळ्याकडे बघत उभा राहिला. "नाना, कव्वे को डर नहीं लगता?" मी सांगितले, वाघ निजलाय ना. तो म्हणाला, "उठ्या तो?" आमचा कावळाही तिथून हलेना आणि हा पठ्ठ्याही हलेना.

सर्पोद्यानाने दोघांनाही खिळवून ठेवले. मला मात्र तिथल्या तलावाची गोष्ट सांगायची होती. पुणे शहराला पाणी मिळावे म्हणून नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालून नळ नेला. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले. ते पाणी गावातल्या हौदांना आणि शनिवारवाड्याला पोहोचायचे. पंप नाही, वीज नाही. तलाव उंचावर आणि गाव खाली, एवढ्यावर सगळे चालायचे. नातीने विचारले, "म्हणजे घसरगुंडी?" इतके नेमके मला सुचले नसते.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी आधी न ठरवताही शनिवारवाडा आला. पाणी कुठे निघाले, ते पाहायचे होते. स्वारगेटहून आम्ही भुयारी मेट्रोने गेलो. मला तिचे मोठे अप्रूप. 2024 साली ती स्वारगेटपर्यंत आली. पण बेंगळुरूच्या मुलांना मेट्रोचे काय कौतुक! त्यांना रिक्षा हवी होती. वाड्यात आता जोतीच उरली आहेत, 1828 च्या आगीने बाकीचे नेले. मोठ्या माणसांना तिथे इतिहास आठवतो. मुलांना दिसले ते दिल्ली दरवाजावरचे हत्तीला अडवणारे अणकुचीदार खिळे, आणि सोळा पाकळ्यांच्या कमळासारखे हजारी कारंजे. "ये कात्रज का पानी?" धाकट्याने कोरड्या कारंज्याकडे बोट दाखवले. संध्याकाळी सारसबागेत दोघे हिरवळीवर धावत असताना मी त्यांना सांगितले की, इथे पूर्वी तळे होते, आणि गणपतीचे देऊळ तळ्यातल्या बेटावर होते. आपण पाण्यावरून धावतोय, असे समजून ते आणखी जोरात धावू लागले.

तिसऱ्या दिवशी राजा दिनकर केळकर संग्रहालय. मुलांना वस्तुसंग्रहालयाचा कंटाळा येतो असे सर्रास म्हणतात. इथे मात्र तोफा-तलवारींपेक्षा घरातल्या वस्तू अधिक आहेत. दिवे, कुलपे, पाय घासायच्या वज्री, पक्ष्यांच्या आकाराचे अडकित्ते. सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संग्रह एका माणसाने जमवला. दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. 1920 च्या सुमारास सुरुवात करून, पत्नी कमलाबाईंच्या साथीने, गावोगाव फिरून त्यांनी हे गोळा केले आणि 1975 साली सगळे महाराष्ट्र शासनाच्या हवाली केले. कोथरूडचा मस्तानी महालही त्यांनी इथे आणून उभा केला. तो पाहताना माझी पत्नी बराच वेळ गप्प होती.

नात शाळेत हिंदी शिकते, त्यामुळे देवनागरी पाटी अडखळत वाचते. नाव वाचून तिने विचारले, "नाना, हा कुठला राजा?"

मी सांगितले, राजा म्हणजे त्यांचा मुलगा. लहानपणीच गेला. त्याच्या आठवणीत वडिलांनी संग्रहालयाला त्याचे नाव दिले.

"माझ्याएवढा होता?"

"लहानच होता."

तिने पाटी पुन्हा वाचली, या वेळी न अडखळता. पुढे अडकित्त्यांच्या कपाटापाशी थांबून ती म्हणाली, "असा आपल्या घरी आहे." माझ्या अम्मीचा अडकित्ता आमच्या फडताळात पडून आहे, हे मी विसरून गेलो होतो. घरी पोहोचल्यावर तिने तो शोधून काढला, फडक्याने पुसला आणि बेंगळुरूला न्यायचा हट्ट धरला. नानीने पात्याला कापड गुंडाळून दिला.

अकरा ठिकाणांतली सात राहिली. परतीच्या गाडीत, शिंदवणे घाटातल्या बोगद्यांतून जाताना दोघे प्रत्येक वेळी ओरडत होते. तेवढ्यात लेकीचा फोन आला. मुलांनी वाघ, कावळा, खिळे, राजा असे सगळे एका दमात सांगून टाकले. मग फोन माझ्याकडे आला.

"अब्बा, आणि फुलराणी?"

"राहून गेली गं. पुढच्या सुट्टीत नक्की."

पलीकडे ती हसली. म्हणाली, "हे मी आधी ऐकलंय." आणि बोगदा आल्यामुळे फोन तुटला.