आधी माशीचे पोट, मग आपली वाटी



मध सर्वांनाच हवा असतो. पण मोहोळाचे नाव निघाले की आपण चार पावले मागे सरतो. मोहोळ उठणे हा आपल्या बोलीतला शब्दच मुळी भीतीचा. ही भीती जाते ती माशीची रीत कळली म्हणजे. तेव्हा आज आपण पेटीत डोकावून पाहू.

कड्याला किंवा उंच झाडाला लटकणारे एकच भले मोठे पोळे असते ते आग्या माशीचे. झुडपात लहानसे पोळे लावते ती फुलोरी. या दोघी उघड्यावर राहणाऱ्या. पेटीत नांदत नाहीत. तिसरी आपली सातेरी. ही झाडाच्या ढोलीत, वारुळात, भिंतीच्या पोकळीत, अंधारात राहते आणि एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. ढोलीऐवजी लाकडी पेटी मिळाली तरी तिचे काही अडत नाही. परदेशातून आलेली मेलिफेरा माशीही आता आपल्याकडे पाळतात; पण सह्याद्रीच्या रानात मुरलेली ती सातेरीच.

पूर्वी मध काढायचा म्हणजे मोहोळाला धूर द्यायचा, पोळे कापायचे आणि पिळायचे. त्यात अंडी, अळ्या, मेण सारेच पिळून निघे. मध गढूळ होई आणि घर मोडे ते वेगळेच. १८५१ साली लँगस्ट्रॉथ नावाच्या एका अमेरिकन पाद्र्याच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. माशी आपल्या ये-जा करण्यापुरती ठराविक फट मोकळी सोडते. फट त्याहून मोठी असली तर तिथे पोळे बांधते, लहान असली तर चिकट राळेने बुजवते. मग पेटीतल्या चौकटी बरोबर तेवढ्या अंतरावर टांगल्या तर? पोळे चौकटीतच राहते, आणि चौकट पुस्तकाच्या पानासारखी बाहेर काढून पाहता येते. आजची मधपेटी उभी आहे ती या बोटभरसुद्धा नसलेल्या फटीवर.

आता पेटीतले कुटुंब पाहा. राणी एकच. अंडी घालणे हेच तिचे काम. काही शे नर, आणि बाकी हजारो कामकरी माश्या. कामकरी माशी आधी घरातली झाडलोट करते, मग अळ्यांना भरवते, मेण काढून पोळे बांधते, दारावर पहारा देते आणि शेवटी रानात जाते. कामाच्या दिवसांत तिचे सारे आयुष्य सुमारे सहा आठवड्यांचे. म्हणजे राणीने अंडी घालणे थांबवले की घर हळूहळू रिकामे! म्हणून पेटी उघडल्यावर राणी शोधत बसू नका. घरट्याच्या तळाशी एकेक पांढरे अंडे उभे दिसले की समजा, राणी आहे आणि कामावर आहे. पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखे घर लोंबताना दिसले तर नवी राणी तयार होत आहे. म्हणजे घर फुटण्याची वेळ जवळ आली. त्या वेळी आपणच मोहोळाची दोन पेट्यांत वाटणी करावी, नाहीतर निम्म्या माश्या रानात उडून जातात.

पेटी स्वच्छ उन्हाच्या वेळी उघडावी. दाराच्या समोर न उभे राहता बाजूला उभे राहावे. कपडे फिके असावेत, अंगाला अत्तर नको. धूर थोडका द्यावा, चौकट सावकाश उचलावी. काटा बसलाच तर लगेच नखाने खरवडून टाकावा. पण काटा बसल्यावर कोणाला धाप लागली, अंगभर गांधी उठल्या किंवा चक्कर आली, तर घरगुती उपाय करत न बसता त्याला ताबडतोब डॉक्टरकडे न्यावे.

आता मुख्य मुद्दा. महाबळेश्वरकडच्या डोंगरात उन्हाळ्यात जांभूळ फुलते, त्यामागून हिरडा. हा मधपाळाचा सुगीचा काळ. पेटीच्या वरच्या मधकोठीतली पोळी भरतात. त्यांतली तीन-चतुर्थांश घरे मेणाने बंद झाली की मध पिकला असे समजावे. कच्चा मध पुढे आंबतो. वरचे मेण सुरीने काढून चौकटी मधयंत्रात फिरवाव्यात आणि रिकामी पोळी माश्यांना परत द्यावीत. मेण तयार करायला माशीला मधच खर्ची घालावा लागतो, म्हणून शाबूत पोळे हे तिचे मोठे भांडवल आहे.

इथेच आपला हात सुटतो. मधकोठी झाली, आता खालच्या पिलावा कोठीतलाही काढू, असे वाटते. श्रोतेहो, तो मध आपला नाही. मृग लागला की घाटात पाऊस कोसळतो. फुले नाहीत, असली तरी धुतलेली, आणि माशीला बाहेर पडता येत नाही. तो खालचा मध म्हणजे तिची पावसाळ्याची कणगी. ती रिकामी केली तर राणी अंडी आवरते, माश्या रोडावतात, मेणपतंगाच्या अळ्या पोळ्यांत जाळी करतात आणि एके दिवशी उरलेले मोहोळ पेटी सोडून निघून जाते. ज्येष्ठात अधिक मिळालेली वाटीभर गोडी श्रावणात सबंध पेटीला पडते.

म्हणून पावसाळ्यात चार गोष्टी सांभाळा. माश्यांनी झाकलेली असतील तेवढीच पोळी आत ठेवा. घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. पेटीवर ओल उतरू देऊ नका. आणि शिधा संपत आला तर साखर व पाणी समभाग घेऊन केलेला पाक गार करून संध्याकाळी पेटीच्या आत ठेवा. बाहेर सांडू नका. सांडला तर दुसऱ्या मोहोळाच्या माश्या लुटीला येतात.

माशी आपल्याला केवळ मध देत नाही. कारळ्याचे फूल आपल्याच रोपाच्या परागाने फळत नाही, त्याला माशी लागते. सूर्यफूल आणि कांद्याचे बी यांनाही तिचा मोठा हातभार. म्हणून पीक फुलावर असताना औषध फवारू नये. फवारणे भागच असेल तर माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी फवारावे आणि शेजारच्या मधपाळाला आदल्या दिवशी सांगावे.

शिक्षक मित्रांनो, शाळेजवळ पेटी असेल तर मुलांना दुरून, बाजूने उभे करून पाच मिनिटांत पायांना पराग लावून किती माश्या आत शिरतात ते मोजायला सांगा. पराग येत आहे म्हणजे सहसा आत पिले वाढत आहेत. माशी नाचून आपल्या मैत्रिणींना फुलांची दिशा सांगते, हे उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या कामाचा आरंभही असाच पाहण्या-मोजण्यातून झाला.

ज्यांना हा धंदा करायचा आहे त्यांनी आधी शिकून घ्यावे. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ सालापासून हे काम करीत आहे. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर तर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. पहिल्या वर्षी एक-दोनच पेट्या घ्या, आणि किती मध निघाला यापेक्षा किती पेट्या पावसाळा पार करून दसऱ्याला नांदत्या राहिल्या, हा हिशेब आधी मांडा.