साइट अडली की काय बघायचं? फेरीच्या नोंदीत झालेला घोळ आणि त्यातून आपण काय शिकलो



बंदी उठल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात संस्थेच्या काउंटरवर जी बोलाचाली झाली, ती बऱ्याच जणांच्या कानावर गेली असेल. एका नाखवांची फेरी साइटवर दिसत नव्हती, म्हणून त्यांची डिझेलची पावती अडली. नाखवा म्हणाले, "मी फेरी मारली, मासळी उतरवली, तुम्ही माझी फेरी खाल्ली." आपला कारकून म्हणाला, "मी नोंद केली, साइटच घेत नाही." आवाज चढले. दोन दिवसांनी कळलं की नाखवाही खरं बोलत होते आणि कारकूनही. चूक घड्याळाची होती.

हा प्रकार नीट समजावून सांगणं आम्हाला गरजेचं वाटतं. पैसा तुमचा आहे आणि साइटवर विश्वास बसला नाही तर तिचा उपयोग नाही. म्हणून काय बिघडलं, का बिघडलं आणि पुढच्या वेळी घरबसल्या काय बघायचं, ते सगळं इथे सांगतो.

आधी रस्ता समजून घेऊ

आपली साइट बनवणारा मुलगा आपल्याच वाड्यातला. नोकरीसाठी तो इंदूरजवळ राऊला राहतो. तिथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. त्यानेच आम्हाला तिथलं उदाहरण दिलं. इंदूरला नर्मदेचं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून टप्प्याटप्प्याने पंप करून आणतात. घरातला नळ कोरडा पडला तर लगेच "नर्मदा आटली" असं कोणी म्हणत नाही. आधी आपला नळ बघायचा, मग गच्चीवरची टाकी, मग गल्लीतली लाइन, मग पंप. नदी सगळ्यात शेवटी.

साइटचंही तसंच. तुमचा फोन हा नळ. नेटवर्क ही गल्लीतली लाइन. त्यानंतर नावाची वही येते. साइटचं नाव टाकलं की तिचा खरा पत्ता कुठला, हे सांगणारी यंत्रणा म्हणजे ही वही. तिला डीएनएस म्हणतात. पुढे सर्व्हर, म्हणजे भाड्याने घेतलेला कायम चालू असणारा कॉम्प्युटर. त्यावर आपला प्रोग्राम चालतो आणि सगळ्यात आत डेटाबेस, म्हणजे आपली खतावणी. या पाच-सहा ठिकाणांपैकी कुठेही अडलं तरी तुम्हाला एकच दिसतं: "साइट उघडत नाही."

मोठ्यांचंही असंच होतं. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होतं. किती जणांनी फोन बंद-चालू करून पाहिला असेल! फोन चांगलाच होता. कंपनीच्या आतल्या जाळ्याची देखभाल करताना दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे त्यांच्या नावाच्या वहीपर्यंत जाणारा रस्ताच जगाच्या नकाशावरून गेला होता.

१. घड्याळाचा घोळ

आता आपली फेरी. ती बोट ५ तारखेला सकाळी ११ वाजता धक्क्याला लागली आणि नोंद झाली. दुपारी परत गेली, ६ तारखेला पहाटे ४ वाजता आली आणि नोंद करायला गेलो तर साइट म्हणाली, "या तारखेची फेरी आधीच आहे."

कारण असं की, भाड्याच्या सर्व्हरचं घड्याळ बहुतेक वेळा जागतिक वेळेवर लावलेलं असतं. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे ६ तारखेची पहाटेचे ४, तेव्हा सर्व्हरच्या घड्याळात ५ तारखेची रात्रीचे साडेदहा. म्हणजे त्याच्या लेखी दोन्ही फेऱ्या ५ तारखेच्या. एका बोटीची एका तारखेला एकच फेरी, असा नियम आपणच घालायला सांगितला होता. साइटने तो इमानाने पाळला.

मग आधी तपासलं तेव्हा हे का नाही दिसलं? राऊला त्या मुलाच्या लॅपटॉपचं घड्याळ भारतीय वेळेवर होतं, तिथे सगळं बरोबर चालत होतं. सर्व्हरवर चढवल्यावर आम्ही तपासणी केली ती दुपारी, चहा पिता पिता. दुपारी साडेपाच तास मागे गेलं तरी तारीख बदलत नाही. ती बदलते फक्त मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत, आणि नेमक्या त्याच वेळी आपल्या बोटी येतात.

"माझ्याकडे चालतंय" हे या धंद्यातलं सगळ्यात जुनं वाक्य. धक्क्याला बांधलेल्या बोटीचं इंजिन गोड वाजतं, खरी परीक्षा खाडीच्या तोंडाबाहेर. बनवणाऱ्याचा कॉम्प्युटर आणि सर्व्हर यांत घड्याळ वेगळं असतं, प्रोग्रामच्या आवृत्त्या वेगळ्या असतात, पासवर्डच्या फायली तिकडे न्यायच्या राहून जातात. अगदी फाइलच्या नावात इंग्रजी अक्षर मोठं की लहान याचा फरक विंडोज सहसा मानत नाही, सर्व्हरवरचं लिनक्स मानतं.

आता तारीख भारतीय वेळेनेच ठरते. आधी सगळ्या डेटाची प्रत काढून ठेवली, मग चुकलेल्या जुन्या नोंदी एकेक तपासून दुरुस्त केल्या. अडलेल्या पावत्या सुटल्या.

२. शिळं पान

ही अडचण सगळ्यात घातक. साइटवर आपण हवामानाची सूचना लावतो. एके दिवशी काहींच्या फोनवर नवी सूचना दिसली आणि काहींच्या फोनवर कालचीच. नेट वाचावं आणि पान लवकर उघडावं म्हणून फोन एकदा पाहिलेलं पान जवळ साठवून ठेवतो. त्याला कॅश म्हणतात. एरवी ते सोयीचं. पण हवामानाच्या बाबतीत शिळं पान म्हणजे जिवाशी खेळ.

डिसेंबर २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी बोटी देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या. खोल समुद्रात असलेल्या अनेकांपर्यंत इशारा वेळेवर पोचलाच नव्हता. इशारा न मिळणं वाईट, पण कालचा "सगळं ठीक" आजचा समजून निघणं त्याहून वाईट.

म्हणून आता हवामानाचं पान फोनने साठवू नये अशी सूचना त्या पानातच घातली आहे. शिवाय वर मोठ्या अक्षरात तारीख आणि वेळ असते. ती आजची नसेल तर खालचं काही वाचू नका. पान खाली ओढून ताजं करा, तरी जुनंच दिसलं तर कार्यालयात फोन करा. आणि एक कायमचं लक्षात ठेवा: आपली साइट ही फक्त आठवण. निघायचं की नाही हे हवामान खात्याचा इशारा, बंदरावरचा बावटा आणि वायरलेस यांवरूनच ठरवा.

३. नावाच्या जागी प्रश्नचिन्हं

काही खलाशांची नावं यादीत "????" अशी दिसली. आपल्या जुन्या याद्या वेगळ्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. त्या जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त वरून मराठी दिसतं. फॉन्ट काढला की गिचमिड उरते. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो. प्रश्नचिन्हांचं कारण दुसरं: अक्षरं युनिकोडची असली तरी खतावणी त्यासाठी तयार केलेली नसेल, तर ती ओळखीची नसलेली अक्षरं फेकून देते आणि तिथे "?" ठेवते.

हे गंभीर आहे. गिचमिड परत वाचता येते, प्रश्नचिन्हातून नाव परत येत नाही. ती नावं आम्हाला कागदी रजिस्टरवरून पुन्हा भरावी लागली. विम्याच्या किंवा मदतीच्या वेळी यादीतलं नाव आधारवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. म्हणून प्रत्येक मालकाने आपल्या बोटीची यादी एकदा उघडून स्वतः वाचावी.

त्यातलीच छोटी गोष्ट: काही फोनवर १२५ असे मराठी आकडे टाइप होतात आणि डिझेलच्या रकान्यात ते घेतले जात नव्हते. आता दोन्ही प्रकारचे आकडे चालतात.

४. एकदम गर्दी

बंदी १ जून ते ३१ जुलै. म्हणजे दोन महिने साइटवर कोणी फिरकत नाही आणि शेवटच्या दोन दिवसांत सगळे एकदम. लिलावाला शंभर जण आणि काटा एकच, तर रांग लागणारच. २८ एप्रिल २०२१ ला १८ वर्षांवरच्यांची लसनोंदणी संध्याकाळी ४ वाजता उघडली तेव्हा सरकारची कोविन साइटसुद्धा सुरुवातीला अडखळली होती, मग आपली काय कथा.

अशा वेळी पान फिरत राहिलं तर बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. प्रत्येक दाब म्हणजे रांगेत आणखी एक माणूस, शिवाय नोंद दोनदा होण्याचा धोका. पाच मिनिटं थांबा, "माझ्या नोंदी" उघडून बघा, नोंद नसेल तरच परत भरा. पुढच्या वर्षी खलाशांची नावं १ जुलैपासूनच भरता येतील असं आपण ठरवलं आहे.

५. लाल पान: "सुरक्षित नाही"

साइटला एक प्रमाणपत्र लागतं, आपल्या बोटीच्या परवान्यासारखं. त्याची मुदत असते. मोफत मिळणारी प्रमाणपत्रं बऱ्याचदा ९० दिवसांची असतात आणि आपोआप नवी व्हायला हवीत. ते राहिलं की फोन लाल इशारा दाखवतो. पण कधी कधी दोष आपल्या फोनचा असतो: फोनची तारीख चुकली असली तरी तोच इशारा येतो. आधी तारीख-वेळ बघा. ती बरोबर असेल तर इशारा डावलून पासवर्ड किंवा ओटीपी टाकू नका, आम्हाला कळवा. साइटच्या नावाचंही दरवर्षी भाडं भरावं लागतं. ती तारीख आता बर्फाच्या बिलांशेजारी कार्यालयाच्या भिंतीवर लिहिली आहे.

पडद्यावरचे आकडे काय सांगतात

४०४: ते पानच नाही. लिंक चुकली किंवा जुनी आहे.
४०३: पान आहे, पण तुम्हाला बघायची परवानगी नाही.
५००: प्रोग्राम आतून बिघडला. तुमची चूक नाही.
५०२ आणि ५०४: दारावरचा सर्व्हर चालू आहे, पण आतल्याकडून नीट उत्तर आलं नाही किंवा वेळेत आलं नाही.
५०३: गर्दी किंवा दुरुस्ती, थोड्या वेळाने या.

सोपी खूण अशी: आकडा ४ ने सुरू झाला तर आधी आपली लिंक आणि लॉगिन तपासा. ५ ने सुरू झाला तर फोनशी झटापट करू नका, आम्हाला सांगा.

आम्हाला कसं कळवायचं

फेरीच्या घोळात पहिले दोन दिवस का गेले? आम्ही राऊला फोन करून फक्त एवढंच सांगत होतो, "साइट चुकतेय." तो तिकडून विचारत होता, "काय चुकतंय?" आम्ही पुन्हा, "चुकतेय रे बाबा!" डॉक्टरला "बरं नाही" एवढंच सांगितलं तर तो तरी काय करणार? तिसऱ्या दिवशी अडलेल्या सगळ्या नोंदींचे फोटो वेळेसकट पाठवले. त्याने पाहिलं, सगळ्या पहाटे साडेपाचच्या आतल्या. तासाभरात कारण सापडलं.

म्हणून कळवताना एवढं द्या:

१. पडद्याचा फोटो, आकडा दिसेल असा. ओटीपी आणि पासवर्ड मात्र कोणालाच पाठवू नका, आम्हालाही नाही.
२. तारीख आणि नेमकी वेळ.
३. बोटीचा नंबर आणि तुम्ही काय करत होता.
४. शेजारच्या फोनवर उघडतं का? दुसऱ्या कंपनीच्या नेटवर उघडतं का?

चौथ्या प्रश्नानेच अर्धं काम होतं. शेजारच्याच्या फोनवर उघडत असेल तर दोष आपल्या नळात, कोणाकडेच उघडत नसेल तर पंपात.

आमच्यासाठी नियम

संस्थेनेही स्वतःला चार नियम घालून घेतले आहेत. नवा बदल आधी वेगळ्या चाचणीच्या साइटवर चालवायचा आणि पहाटेच्या वेळीही तपासायचा. ३० जुलै ते नारळी पौर्णिमा या काळात कुठलाही बदल चढवायचा नाही. जुनी आवृत्ती हाताशी ठेवायची, म्हणजे नवी बिघडली तर दहा मिनिटांत जुनीवर परत येता येईल. रोज रात्री खतावणीची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवायची आणि महिन्यातून एकदा ती प्रत खरंच उघडते का ते बघायचं. न उघडणारी प्रत म्हणजे भोक पडलेलं लाइफ जॅकेट.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, या हंगामात कागदी रजिस्टर बंद होणार नाही. साइट आणि रजिस्टर जुळलं नाही तर तपास होईपर्यंत रजिस्टरवरची नोंद धरून पावती मिळेल. कोणाचीही फेरी मशीनमुळे बुडणार नाही.

त्या नाखवांची आम्ही काउंटरवरच माफी मागितली. ते हसून म्हणाले, "घड्याळ चुकलं ते चालेल, माणूस खोटा ठरवू नका." हे वाक्य आम्ही लक्षात ठेवलं आहे.

कोणाची नोंद अजूनही अडली असेल तर सकाळच्या वेळेत पावती घेऊन कार्यालयात या. ज्यांना फोनवर जमत नाही त्यांनी घरातल्या शाळकरी पोरांना सोबत आणा, ती आपल्यापेक्षा लवकर शिकतात.