दाबोळीचे कोब्रा

युद्धनौकेने रडार चालू केले की तिच्याच लहरी तिची चुगली करतात. रडारचे काम साधायला लहर लक्ष्यापर्यंत जाऊन परत यावी लागते. ऐकणाऱ्याला ती एकदा पोहोचली तरी पुरते. म्हणून नौकेच्या पडद्यावर विमान उमटण्याआधीच विमानाला तिचा सुगावा लागू शकतो. 10 हजार फुटांवरून तर रडार-लहरींचे क्षितिज सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर जाते. नौदलाच्या इलेक्ट्रॉनिक युद्धाचा पाया हाच.

गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावरची आयएनएएस 310, म्हणजे ‘कोब्राज’, ही टेहळणीत मुरलेली तुकडी. 21 मार्च 1961 रोजी फ्रान्समधल्या इएर येथे ती उभी राहिली. तिचे पहिले विमान अलिझे: तिघांचा चमू, एक टर्बोप्रॉप इंजिन आणि पोटातून खाली उतरवता येणारा रडारचा घुमट. 1971 च्या युद्धात ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून या विमानांनी पूर्व पाकिस्तानच्या बंदरांवर हल्ले केले. त्याची किंमतही मोजावी लागली. 10 डिसेंबरला अरबी समुद्रावर एक अलिझे पाकिस्तानी स्टारफायटरने पाडले. ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास वेगाच्या विमानापुढे आवाजाच्या दुप्पट वेगाचे लढाऊ विमान. सुटायला वाव तो किती!

1991 मध्ये अलिझे निवृत्त झाले आणि तुकडीकडे किनाऱ्यावरून उडणारी डॉर्निअर-228 आली.

शत्रूच्या लहरी ऐकणाऱ्या विमानातल्या ऑपरेटरचे काम चिकाटीचे. पकडलेल्या लहरीची वारंवारिता किती, स्पंद किती रुंद, दोन स्पंदांत अंतर किती, अँटेना एक फेरी किती वेळात पुरी करते, हे सगळे तो साठवलेल्या नोंदींशी ताडून पाहतो. मालवाहू जहाजाचे दिशादर्शक रडार वेगळे, क्षेपणास्त्राला वाट दाखवणारे वेगळे. एका ठिकाणाहून फक्त दिशा कळते. विमान पुढे सरकून दुसऱ्यांदा दिशा घेते. दोन्ही रेषा जिथे छेदतात, तिथे जहाज. आणि एवढे करताना स्वतःचे रडार बंदच ठेवता येते!

ऐकण्याच्या पुढची पायरी म्हणजे शत्रूचे रडार आंधळे करणे. अमेरिकी नौदलाने त्यासाठी विमानवाहू नौकांवर स्वतंत्र विमाने ठेवली. त्यांतल्या प्राउलर विमानाच्या चौघांपैकी एकच वैमानिक, उरलेले तिघे इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सांभाळणारे. 1991 च्या आखाती युद्धात प्राउलर विमानांनी इराकी रडार जाम केले. त्यांची जागा घेणारे ग्राउलर 2011 मध्ये लिबियावर प्रथम लढाईत उतरले.

आपल्याकडे 29 मार्च 2022 पासून हंसावर पी-8आय विमानांची ‘काँडॉर्स’ तुकडी आहे. पाणबुड्या शोधण्याबरोबरच शत्रूच्या लहरी टिपण्याची साधनेही या विमानांत आहेत. कामोव्ह-31 हेलिकॉप्टर ताफ्याला हवाई धोक्याची आगाऊ सूचना देतात. ऐकण्यात आपण कमी नाही. पण केवळ जॅमिंगसाठी बांधलेले, डेकवरून उडणारे विमान भारतीय नौदलाकडे नाही. दोन विमानवाहू नौका बाळगणाऱ्या नौदलाची ही उणीव मोठी आहे आणि पुढच्या नौकेचा आराखडा ठरतानाच ती भरून काढायला हवी.