छोट्या शेतीचा दिनक्रम आणि कुटुंबाचे श्रम

शेतीच्या प्रगतीचा विचार करताना पर्जन्यमान, बियाणे, खते, पतपुरवठा आणि बाजारभाव यांची चर्चा प्रामुख्याने होते. ही सर्व अंगे महत्त्वाची आहेतच. परंतु जेथे मजूर क्वचितच लावला जातो आणि घरातील माणसांच्या बळावरच हंगाम पार पडतो, तेथे कुटुंबाचे श्रम हेच शेतीचे मुख्य भांडवल असते. या श्रमांचे स्वरूप गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून घोषित केले असल्याने या विषयास विशेष महत्त्व आले आहे.

लहान होत गेलेली शेती

१९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांमुळे क्षेत्र घटले आणि आज देशातील सुमारे ८६ टक्के खाती दोन हेक्टरांच्या, म्हणजे साधारण पाच एकरांच्या, आतील आहेत. कोरडवाहू भागात एवढ्या जमिनीवर एका पिकाच्या भरवशावर राहता येत नाही. म्हणून ज्वारी-बाजरीबरोबर तूर-मूग, दारी एखादी गाय किंवा म्हैस, दोन शेळ्या व चार कोंबड्या असा संसार मांडावा लागतो. पावसाने दगा दिला, तर दुधाचे चार पैसे किंवा शेळीची विक्री घर सावरते. मात्र जोखीम जशी विभागली जाते, तशी कामे वाढत जातात.

पहाटेपासून रात्रीपर्यंत

अशा घरातील दिवस गोठ्यापासून सुरू होतो. शेण काढणे, गोठा झाडणे, वैरण टाकणे, आंबोण ठेवणे आणि धार काढणे ही कामे दूध संकलनाच्या वेळेपूर्वी उरकावी लागतात. त्याच सुमारास पाणी भरणे, भाकऱ्या भाजणे आणि मुलांना शाळेसाठी तयार करणे चालू असते. न्याहारीनंतर शेताची वाट धरली जाते. परततानाही हात रिकामे नसतात. डोक्यावर गवताचा भारा किंवा जळणाची मोळी असते. दिवेलागणीला पुन्हा धार, वैरण आणि स्वयंपाक. विहीर-बोअरवर पंप असेल आणि विजेची पाळी रात्रीची असेल, तर दारे धरण्यासाठी घरच्या कर्त्या पुरुषाला अंधारात शेतावर जावे लागते. कृषिपंपांना दिवसा वीज मिळावी या हेतूने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, तिचे मोल या दृष्टीने ध्यानात येते.

गोठ्याला सुट्टी नसते. धारेची वेळ चुकली, की दूध घटते. दोन-तीन दिवसांच्या निवासी प्रशिक्षणास गावातील स्त्रिया येत नाहीत, याचे कारण पुष्कळदा अनास्था नसून दावणीला बांधलेले जनावर हे असते.

हंगामाची कामे

पूर्वी नांगरट, वखरणी व कोळपणी बैलांच्या साहाय्याने पुरुष करीत. तिफणीमागे चाड्यावर मूठ धरण्याचे काम अनेक ठिकाणी घरातील जाणत्या बाईकडे असे. मूठ जितकी सारखी, तितकी उगवण सारखी. ज्यांच्यापाशी बैलजोडी पुरती नसे, ते वारंगुळा करीत. सावड आणि इर्जिक यांमुळे एकमेकांची कामे पैशावाचून पार पडत. आता नांगरट, पेरणी आणि मळणी ही कामे बहुतांशी यंत्रांनी होतात. खुरपणी, कापूस व शेंगांची वेचणी, निवडणे-पाखडणे आणि पुढच्या वर्षाचे बियाणे राखणे ही कामे मात्र अजूनही मुख्यतः स्त्रियांच्याच हाती आहेत. यंत्र शेतावर आले, पण बाईच्या वाट्याचे वाकून करावयाचे काम फारसे हलके झाले नाही.

नोंदीबाहेरचे श्रम

२०१९ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणात ग्रामीण भागात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी ३०१ मिनिटे वेळ जात असल्याचे आढळले. असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९८ मिनिटे. शेतातील व गोठ्यातील श्रम यात धरलेले नाहीत. दुसरीकडे, देशातील वहितीखात्यांपैकी स्त्रियांकडील खाती २०१५-१६ मध्ये सुमारे १४ टक्केच होती.

हा प्रश्न केवळ मानाचा नाही. पीककर्ज, अनुदान व नुकसानभरपाई यांची वाट सातबारावरून जाते. कर्ता पुरुष अकाली गेला, तर वर्षानुवर्षे तीच जमीन कसणाऱ्या बाईला प्रथम आपला हक्क सिद्ध करावा लागतो आणि तोवर हंगाम थांबत नाही. पतीच्या हयातीतच त्याच्या संमतीने पत्नीचे नाव सातबारावर सहहिस्सेदार म्हणून लावता यावे, यासाठी राज्य शासनाने १९९२ मध्ये लक्ष्मी मुक्ती योजना आणली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना समान हक्क देणारी सुधारणा महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशपातळीवर २००५ मध्ये झाली. तरतुदी आहेत, त्या घरोघरी पोहोचविण्याचे काम उरले आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

पंचायत सदस्यांनी ग्रामसभा आणि तिच्या आधी होणारी महिला सभा यांची वेळ ठरविताना खुरपणीचे दिवस व धारेची वेळ टाळावी. कृषी विस्ताराचे वर्ग तालुक्याऐवजी वाडी-वस्तीवर आणि अर्ध्या दिवसाचे घ्यावेत. महसूल कर्मचाऱ्यांनी फेरफाराच्या कामासाठी घरी भेट देताना सहहिस्सेदाराच्या नोंदीची माहिती पती-पत्नी दोघांनाही समक्ष द्यावी. शिक्षकांना एक सोपा उपक्रम घेता येईल : प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरात एका दिवसात कोणते काम कोणी आणि किती वेळ केले, याची वहीत नोंद करावी व वर्गात बेरीज मांडावी. गणिताचा पाठ होईल आणि आईच्या दिवसाचा हिशेबही मुलांपुढे येईल.

छोटी शेती टिकवावयाची, तर बियाण्याइतकीच काळजी ती कसणाऱ्या हातांची घ्यावी लागेल. त्या हातांची नोंद करणे हे त्यातील पहिले पाऊल होय.