ऑर्का गप्प झाला तर कुठून शोधायचं?

मागच्या भागात लिनक्सवर ऑर्का हा स्क्रीन रीडर कसा सुरू करायचा ते बोललो होतो. आज तो मध्येच गप्प झाला तर काय करायचं, ते. दिसणाऱ्या माणसाचा आवाज गेला तर गाणी थांबतात, बाकी काही अडत नाही. न दिसणाऱ्या माणसाचा अख्खा कॉम्प्युटरच जातो. "सेटिंग्जमध्ये जाऊन बघा" असंही सांगता येत नाही, कारण सेटिंग्ज वाचून दाखवणाराच मुका झालेला असतो.

माझे मिरजेचे काका निवृत्त शिक्षक. काचबिंदूमुळे दृष्टी गेली, पण उबुंटूवर पत्रं लिहितात, पेपर ऐकतात. एका रविवारी त्यांचा फोन आला, "अगं, हा सकाळपासून बोलतच नाहीये." मी सरळ ऑर्काच्या मागे लागले. विंडोज, ऑल्ट आणि एस दाबून बंद-चालू करायला लावला. मग फोनवर एकेक अक्षर सांगत तो पुन्हा इन्स्टॉल करवला. तास गेला, आवाज नाहीच.

चूक माझीच. ऑर्का स्वतः बोलत नाही हो! तो फक्त काय बोलायचं ते ठरवतो आणि मजकूर स्पीच डिस्पॅचरकडे देतो. डिस्पॅचर तो ईस्पीक एनजीसारख्या इंजिनाला देतो, तिथे मजकुराचा ध्वनी होतो. मग तो ध्वनी पाइपवायर किंवा जुन्या मशीनवर पल्सऑडिओ, आणि तिथून साउंड कार्ड, स्पीकर. एवढ्या हातांतून जाणारी गोष्ट कुठेही अडकू शकते. म्हणून शोध उलटा, स्पीकरकडून सुरू करायचा.

कंट्रोल, ऑल्ट, टी दाबलं की उबुंटूत टर्मिनल उघडतो. तिथे न बघताही टाइप करता येतं. लिहून घ्या: स्पीकर डॅश टेस्ट, स्पेस, डॅश टी, स्पेस, डब्ल्यू ए व्ही, स्पेस, डॅश सी दोन. सगळं स्मॉल अक्षरांत, मग एंटर. "फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट" असं ऐकू यायला हवं. हा आधीच रेकॉर्ड केलेला आवाज आहे, यात बोलणाऱ्या इंजिनाचा संबंध नाही. थांबवायला कंट्रोल सी.

हे ऐकू आलं, तर पुढची पायरी: ईस्पीक डॅश एनजी आणि एखादा शब्द. ही कमांड आधीच इन्स्टॉल करून ठेवा, ऐन वेळी नको. तेही बोललं तर एसपीडी डॅश से आणि एक शब्द. हेही बोललं आणि ऑर्का तरीही गप्प असेल, तरच दोष ऑर्काकडे. मग टाइप करा: ऑर्का, स्पेस, दोन डॅश, रिप्लेस.

काकांकडे पहिल्याच पायरीला शांतता. मी विचारलं, "काल काही नवीन जोडलंत का?" तर म्हणे, पुतण्याने जुना मॉनिटर बदलून नवीन बसवला, एचडीएमआयवाला. झालं! एचडीएमआयमधून चित्राबरोबर आवाजही जातो. सिस्टिमने मॉनिटरलाच स्पीकर मानलं, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हता.

मी म्हटलं, "काका, मागची केबल उपटा."

"मग स्क्रीन जाईल ना?"

"तुम्हाला हवाय का?"

दोन सेकंद शांतता, मग खो खो हसले. केबल निघाली आणि ऑर्का बोलायला लागला. नंतर पुतण्याने पाव्ह्यूकंट्रोलच्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये एचडीएमआयचं प्रोफाइल ऑफ केलं. मॉनिटर परत जोडला, आवाज जागेवर राहिला.

गाणी वाजतात पण ऑर्का गप्प, असंही होतं. प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा लक्षात ठेवला जातो, त्यात स्पीच डिस्पॅचर म्यूट झालेला असू शकतो. पाव्ह्यूकंट्रोलच्या प्लेबॅक टॅबमध्ये तो बोलत असतानाच दिसतो, म्हणून एसपीडी-सेला लांब वाक्य द्या आणि तेवढ्यात बघा. म्यूट नसेल तर किलऑल, स्पेस, स्पीच डॅश डिस्पॅचर. घाबरू नका, पुढच्या हाकेला तो आपोआप उठतो. मात्र या चाचण्यांना सुडो लावू नका. रूटसाठी वेगळाच डिस्पॅचर सुरू होतो आणि निष्कर्ष चुकतो.

जुने लेख "पल्सऑडिओ डॅश के" करा म्हणतात. फेडोरा 34 आणि उबुंटू 22.10 पासून तिथे पाइपवायर आहे, तिथे ते चालत नाही. त्याऐवजी: सिस्टिमसीटीएल, दोन डॅश यूजर, रीस्टार्ट, पाइपवायर, पाइपवायर डॅश पल्स, वायरप्लंबर. मध्ये सगळीकडे स्पेस.

आता मला सगळ्यात वाईट वाटणारा दोष. आवाज येतो, पण पहिला तुकडा गिळला जातो. काही सेकंद शांतता झाली की वीज वाचवायला कार्ड झोपतं, आणि जागं होईपर्यंत सुरुवात निघून जाते. काकांनी पत्र लिहून विंडो बंद केली, थोडं थांबून टॅब दाबला, "सेव्ह" ऐकलं, एंटर मारलं. बटण होतं "डोन्ट सेव्ह". दोन पानांचं पत्र गेलं. उपाय वायरप्लंबरच्या सेटिंगमध्ये आहे: सेशन डॉट सस्पेंड डॅश टाइमआउट डॅश सेकंड्स, किंमत शून्य. तरीही गिळत असेल तर इंटेल एचडीए ड्रायव्हरचं पॉवर सेव्हही शून्य. लॅपटॉपची बॅटरी थोडी जास्त जाईल, जाऊ द्या.