रोमन स्त्री : संपत्ती तिची, परवानगी दुसऱ्याची

प्राचीन रोममध्ये मुलीला स्वतःचे असे नाव क्वचितच मिळायचे. बापाच्या कुळाचे नाव स्त्रीलिंगी केले की झाले. तुल्लियस कुळातल्या सिसेरोची मुलगी म्हणून ती तुल्लिया. मुली दोन असल्या तर थोरली आणि धाकटी. ती कोणाची मानली जायची, हे एवढ्यावरूनच आपल्या लक्षात येईल.

बाप जिवंत असेपर्यंत मुलामुलींच्या नावावर काहीच नसे. जन्मलेले बाळ ठेवायचे की उघड्यावर टाकायचे, हेही तोच ठरवी. मुलीचे लग्न कायद्याने १२ व्या वर्षी होऊ शकत होते. जुन्या पद्धतीत लग्नानंतर ती नवऱ्याच्या ताब्यात जाई. पुढे मात्र अशा ताब्याविना लग्ने रूढ झाली. त्यामुळे बायकोची संपत्ती नवऱ्यापासून वेगळी राहू लागली. मृत्युपत्र न करता बाप वारला तर मुलीला मुलाइतकाच वाटा मिळे. हुंडा नवऱ्याच्या हाती असला तरी घटस्फोटानंतर तो परत मागता येई. खुद्द सिसेरोला तेरेन्तियाचा हुंडा परत करायचा होता आणि त्याच वेळी तो जावयाकडून तुल्लियाचा हुंडा परत मिळवायच्या मागे होता!

वाचायला हे फार पुढारलेले वाटते. पण मेख पुढेच आहे. बाप वारला तरी स्त्रीवर एक पुरुष पालक नेमलेला असे. जमीन किंवा गुलाम विकायचा, मृत्युपत्र करायचे, तर त्याची संमती हवी. सम्राट ऑगस्टसने यातून सूट दिली ती तीन मुलांना जन्म देणाऱ्या स्त्रीला. दास्यातून मुक्त झालेलीला चार मुले लागत. बायका चंचल असतात म्हणून पालक, असे कारण सांगितले जाई. दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायस याने हे कारण दिसायला बरे, पण खरे नाही, असे साफ लिहून ठेवले आहे. आम्हाला त्याची ही साक्ष फार मोलाची वाटते, कारण तो व्यवस्थेच्या आतला माणूस होता.

मताचा आणि पदाचा हक्क तर नव्हताच. इ.स.पूर्व ४२ मध्ये यादवी युद्धाच्या खर्चासाठी राज्यकर्त्या त्रिकुटाने १४०० श्रीमंत स्त्रियांवर कर लावायचे ठरवले. त्यांची बाजू घ्यायला एकही पुरुष धजेना. तेव्हा होर्तेन्सिया भर चौकात उभी राहिली. तिचा मुद्दा सरळ होता : पद नाही, मान नाही, कारभारात वाटा नाही, मग आम्ही कर का द्यायचा? राज्यकर्ते चिडले, तिला हुसकावू लागले. पण गर्दी बायकांच्या बाजूने ओरडली. दुसऱ्या दिवशी यादी ४०० वर आली आणि कराचा बोजा धनाढ्य पुरुषांवरही टाकला गेला.

अर्थात, हे सगळे स्वतंत्र स्त्रियांचे. गुलाम स्त्रीचे लग्नच कायदा मानत नव्हता. तिच्या पोटचे मूल मालकाच्या मालमत्तेत जमा व्हायचे.